काकूंची बॅग तोलली तेव्हा

मित्रांनो, आमच्या दुकानात पाय ठेवणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी माझ्यावर चढतो. कोणी बघत नाही ना, अशी खात्री करतो, चपला काढतो, पोट आत ओढतो आणि हळूच उभा राहतो. पोट आत ओढल्याने वजन कमी होत नाही हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. सांगणार तरी कसे? देवाने मला तोंड दिले नाही, एक काटा दिला. जेवढे खरे असेल तेवढे तो दाखवतो. कोणाची भीड नाही आणि कोणाशी वैरही नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाय, त्यावर चौकोनी पाट, मागे उंच खांब आणि खांबाच्या टोकाला ताटाएवढी गोल तबकडी, असा माझा देह. प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या एका लहानशा दुकानात मी राहतो आणि विमानाने दूर जाणाऱ्यांच्या बॅगा तोलतो. तुम्ही म्हणाल, बॅगा तोलण्यात एवढी मिरवण्यासारखी काय गोष्ट? तेच तर सांगायचे आहे.

माझे अंग भट्टीत ओतले गेले, पण मला जीव दिला तो काटे बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने. चष्मा कपाळावर चढवून आणि जिभेचे टोक दातांत धरून तो काम करी. माझ्या पोटातली स्प्रिंग त्याने इतक्या वेळा काढली आणि घातली की शेजारचा कामगार वैतागला.

"अहो बाबा, गोणी तोलायचा काटा आहे तो, सोनाराचा तराजू नव्हे! थोडं इकडेतिकडे चालतं."

"थोडं इकडेतिकडे म्हणजेच खोटं," कारागीर मान वर न करता म्हणाला. "मोठं खोटं फार थोडे बोलतात रे. बाकीचे सगळे थोडं थोडंच बोलतात."

तिथून मी गेलो एका मालगोदामात. माझ्यावर खोकी आदळत, पेट्या आपटत, हमालांच्या शिव्याही माझ्याच कानी पडत. माझे अंग ठेचले गेले, रंग उडाला. पण काटा मात्र कधी ढळला नाही. मालाचा वाद झाला की दोन्ही बाजूंचे लोक माझ्यापुढे येऊन उभे राहत. काटा स्थिर झाला की वाद मिटे. त्या दिवसांची आठवण आली की आजही माझा खांब ताठ होतो.

पुढे गोदाम बंद पडले आणि मी पत्र्याच्या आडोशाला जाऊन पडलो. अंगावर गंज चढला. सोबतीला एक करडे मांजर तेवढे होते. ते माझ्या पाटावर मुटकुळे करून झोपे. दिवसेंदिवस त्याचे वजन वाढत गेले. मला वाटले, चांगले खायला मिळते आहे बाईसाहेबांना. मग एके दिवशी ते आले ते एकदम हलके होऊन, आणि मागोमाग पिल्लांचे बारीक आवाज. पडीक दिवसांतले ते एवढेच सुख. एकदा भंगारवाल्याने मला हातगाडीवर टाकले, आणि तिथे मला ताई भेटल्या.

ताईंनी तेव्हा प्रवासाचे दुकान नुकतेच उघडले होते. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा आणि पडदा नसलेली एक मोठी खिडकी, एवढाच त्यांचा संसार. लोक त्यांना तिकीटताई म्हणत.

"हा गंजका रेडा घेऊन काय करणार ताई?" भंगारवाल्याने विचारले. "तिकिटं तोलणार?"

"माणसांची फजिती वाचवणार," ताई म्हणाल्या.

त्यांनी मला घासले, सांध्यांत तेल सोडले, अंगाला निळा रंग दिला. आणि त्या दिवसापासून त्यांचा एक नेम सुरू झाला. रोज सकाळी दुकान उघडले की त्या माझी काच पुसतात आणि वजन ठाऊक असलेले एक जुने लोखंडी माप माझ्यावर ठेवून बघतात. काटा बरोबर जागी थांबला की म्हणतात, "शहाणा आहेस." मग डोळे मिटून, हात जोडून पुटपुटतात, "जे आज वाटेवर आहेत त्यांना सुखरूप पोचव." पाऊस असो, ताप असो, या नेमात खंड नाही.

विमानतळावर बॅग जड भरली तर काय होते, ठाऊक आहे? लांब रांगेत, सगळ्यांच्या देखत, जमिनीवर बसून बॅग उघडावी लागते. आपले जुने बनियन, फाटका टॉवेल, भावाने दिलेली लोणच्याची बरणी, साऱ्याचे प्रदर्शन मांडले जाते. म्हणून ताई आपल्या प्रत्येक माणसाला सांगतात, बॅग आधी इथे आणा. एका आजोबांनी बॅग माझ्यावर ठेवली आणि काटा पुढे जाऊ नये म्हणून तिला खालून गुडघ्याचा टेकू दिला.

ताई गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तिकडेही हा गुडघा न्यायला लागेल हं. तुमची सीट वेगळी आणि गुडघा वेगळा, असं नाही जमणार."

आजोबा असे हसले की टेकू आपोआप सुटला.

बॅगा तोलता तोलता मी ताईंचे बाकीचे कामही बघत असे. कोणाला कुठले विमान सोयीचे, कोणाला चालवत नाही, कोणाला खिडकीची जागा हवी आणि कोणाला उठबस करायला सोपी म्हणून कडेची, हे त्या विचारून विचारून काढत. आणि शेवटी प्रत्येकाला विम्याचे विचारत. परदेशात आजारी पडलात तर दवाखान्याचा खर्च, बॅग हरवली तर त्याची भरपाई, घरात काही झाल्याने प्रवासच मोडला तर त्याची सोय. त्यातले काय मिळते आणि काय मिळत नाही, हेही त्या वाचून दाखवत. लोक हमखास म्हणत, "कशाला अभद्र बोलता ताई?" खरे सांगायचे तर मलाही त्या कागदाचे कौतुक नव्हते. एकदा तो वाऱ्याने उडून माझ्या पाटावर पडला होता आणि माझा काटा तसूभरही हलला नव्हता. ज्याला वजनच नाही त्याचा कसला आधार, असे मला वाटे.

आता काकूंची गोष्ट ऐका.

या काकू पडदे शिवतात. गावातल्या अर्ध्या खिडक्यांना त्यांच्या हातचे पडदे आहेत. नवरा लवकर गेला; शिलाई मशीनवर पाय मारून मारून त्यांनी दोन मुले वाढवली. मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. तिला पहिले बाळ व्हायचे होते. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितले होते आणि तिच्याजवळ कोणी बाईमाणूस नव्हते. काकूंना जायचे होते. बाकी जगात त्यांना दुसरे काही दिसत नव्हते.

मुलगा आणि काकू दुकानात आले ते भरलेली बॅग घेऊनच. मुलाने फोन ताईंपुढे धरला.

"तिकीट मी शोधलंय ताई. इतकं स्वस्त की तुम्हीही चाट पडाल. तुम्ही फक्त बॅग तोलून द्या. आई म्हणते, तुमच्याच काट्यावर विश्वास आहे."

माझा काटा अभिमानाने किंचित उचलला गेला असेल, पण कोणाच्या लक्षात आले नाही.

ताईंनी फोन हातात घेतला, चष्मा पुसला आणि शांतपणे वाचू लागल्या. "दोनदा विमान बदलायचं आहे यात."

"बदलेल की. आई काय लहान आहे?"

"दुसऱ्या वेळी उतरायचं एका विमानतळावर आणि पुढचं विमान सुटतं दुसऱ्या विमानतळावरून. मध्ये अख्खं शहर आहे रे बाबा. बॅग घेऊन, अनोळखी भाषेत, एकटीने. शिवाय त्या देशात पाऊल ठेवायचं तर त्यांचा परवाना वेगळा लागतो."

मुलाने फोन परत घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "नावं तर सारखीच आहेत दोन्हींची."

"शहराचं नाव सारखं आहे. विमानतळ दोन आहेत."

काकू म्हणाल्या, "बघ! मी म्हणत होते, ताईंना विचारू. पण आमच्या घरात हा फोन आणि तो देव, दोघांनाच सगळं कळतं."

मुलगा लाजला, पण मोकळेपणाने हसलाही. ताईंनी एकदाच बदलावे लागेल असे विमान शोधले, बदलायच्या जागी भरपूर वेळ ठेवला आणि चाकाच्या खुर्चीची सोय मागितली. मग त्यांनी विम्याचे नाव काढले.

"ते नको ताई," मुलगा म्हणाला. "आई ठणठणीत आहे. मशीनवर बसली की आम्ही दमतो, ती दमत नाही."

"तू गाडी शिकवतोस. तुझ्या गाडीत तुझ्या पायाशीही एक ब्रेक असतो ना?"

"असतो की."

"कशाला? शिकणाऱ्याच्या पायाशी आहे की एक."

"अहो, तो घाबरला, चुकला, तर मी दाबायचा."

"मग रोज दाबतोस?"

"रोज नाही. पण दाबायची वेळ आली आणि ब्रेक नसला तर…" तो बोलता बोलता थांबला. मग डोके खाजवत म्हणाला, "ताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

विमा ठरला. आता बॅग. मुलाने ती उचलून माझ्यावर ठेवली आणि माझा काटा हद्द ओलांडून पुढे गेला. मग काढा आणि घाला सुरू झाले. बाळाची दुपटी, बाळाच्या टोप्या, लेकीसाठी शिवलेले दोन झगे, आणि जावयाच्या घरच्या खिडक्यांची मापे मागवून शिवलेले चक्क पडदे.

"आई, तिकडे खिडक्यांना पडदे मिळतात गं!"

"मिळत असतील. माझे मिळतात का?"

पडदे आत राहिले. शेवटी काकूंनी बॅगेच्या कप्प्यातून एक छोटा पत्र्याचा डबा काढला आणि बाजूला ठेवला. "हा राहू दे घरी. बटणं आहेत नुसती." मग पुन्हा आत घातला. परत बाहेर काढला. हातात धरून उभ्या राहिल्या.

बटणांच्या डब्यासाठी कोणी इतके घुटमळत नाही. ताईंनी ते बघितले. "अरे, पासपोर्टची झेरॉक्स काढून आण बरं कोपऱ्यावरून," त्या मुलाला म्हणाल्या. तो गेला. ताईंनी आपली खुर्ची काकूंजवळ ओढली.

"काकू, कसल्या गोळ्या आहेत?"

काकूंनी डबा पदराखाली घेतला. मग त्यांचा धीर सुटला.

"रक्तदाबाच्या. आणि एक हृदयाची. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय जरा. मुलाला सांगितलं नाही मी. त्याला कळलं तर तो मला पाठवायचा नाही, आणि लेक तिकडे एकटी पडलीय. ताई, तुम्ही कोणाला सांगू नका. तुम्हाला तुमच्या देवाची शपथ."

"शपथ घालू नका काकू, मी रोज त्याच्यापुढे उभी राहते. बरं, विम्याच्या अर्जावर काय लिहायचं?"

"काही नाही, असं लिहा. कोण बघायला येतंय?"

"चांगले दिवस असले तर कोणी येत नाही बघायला. वाईट दिवस आला की पहिला प्रश्न तोच येतो, आधीपासून काही होतं का? लपवलं असलं तर ते एक पैसा देत नाहीत. आणि तिकडचा दवाखाना म्हणजे तुमचं घर, तुमचं मशीन, मुलाची गाडी, सगळं त्यात जाईल. शिवाय गोळ्या घरी ठेवून तुम्ही विमानात बसणार होतात!"

"म्हणजे तुम्ही माझं तिकीट काढणार नाही?"

ताईंचा आवाज आणखी खाली आला. तो खाली येतो तेव्हा त्या मागे हटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. "खोटं लिहून नाही काढणार. मुलाला सांगा, डॉक्टरांना विचारा, मग या. मी दुकान उघडं ठेवते."

काकूंचा चेहरा लाल झाला. "तिकिटं काढणारी दुकानं शंभर आहेत!" असे म्हणून त्यांनी बॅग माझ्यावरून खाली ओढली. मुलगा झेरॉक्स घेऊन दारात पोचतो तोच त्या तरातरा बाहेर पडल्या. तो बिचारा एकदा ताईंकडे आणि एकदा आईच्या पाठीकडे बघत राहिला. ताईंनी त्याला काही सांगितले नाही. खिडकीशी जाऊन त्या दोघांना दूर जाताना बघू लागल्या. हाताशी आलेले गिऱ्हाईक गेले होते. आणि काकू दुसरीकडून तिकीट काढून, गोळ्या घरी ठेवून गेल्या तर?

दुसऱ्या दिवशी ताईंनी नेमाचे हात जोडले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ. आणि दुपारी दार उघडले. पुढे मुलगा, हातात बॅग. मागे काकू, डोळे सुजलेले.

"रात्रभर भांडलो आम्ही," मुलगा म्हणाला. "सकाळी दोघे डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गोळ्या वेळेवर घेतल्या तर जाऊ शकतात. पत्र दिलंय त्यांनी." मग आईकडे न बघता म्हणाला, "मी तिला जाऊ देणार नाही, असं तिला वाटलंच कसं? माझी बहीण आहे ती."

"गाडी जरा जोरात चालवली तरी तू शिकणाऱ्यांना गाडीतून उतरवतोस," काकू नाक पुसत म्हणाल्या. "मला काय सोडलं असतंस?"

ताईंनी आधी असलेला आजारही सांभाळून घेणारा विमा शोधला. हप्ता वाढला. तो का वाढला, हे त्यांनी दोघांना समजावले. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले. लेकीला फोन करून आपला नंबर लिहून घ्यायला लावला आणि म्हणाल्या, "काही झालं तर आधी मला फोन करायचा. रडायचं नंतर." गोळ्यांचा डबा काकूंच्या हातातल्या पिशवीत गेला. बॅग माझ्यावर चढली आणि काटा हद्दीच्या आत थांबला.

काकू गेल्या. नातू झाला. फोटो आला; त्यात बाळापेक्षा मागच्या खिडकीचे पडदेच जास्त दिसत होते.

आणि मग एका लख्ख दुपारी फोन वाजला. तिकडे तेव्हा उजाडलेही नव्हते. ताईंनी फोन कानाला लावला आणि त्यांचा हात टेबलावर स्थिर झाला. काकूंना छातीत कळ येऊन दवाखान्यात नेले होते. हृदयाकडे जाणारी नळी तुंबली होती. ती तातडीने मोकळी करायची होती, आणि खर्चाची हमी कोण घेणार, असे दवाखाना विचारत होता. लेक तान्हे बाळ छातीशी धरून बोलत होती.

"बाळ, दवाखान्याचं नाव सांग. खोलीचा नंबर सांग. शाब्बास. आता फोन ठेव आणि आईजवळ बस."

ताईंनी विमा कंपनीला फोन लावला. तेवढ्यात मुलगा धावत आत आला. बहिणीने त्यालाही कळवले होते. बाहेर त्याची शिकवायची गाडी रस्त्यात तिरकी उभी होती आणि आत एक शिकाऊ बाई चाक घट्ट धरून ओरडत होत्या, "अहो सर, मी आता काय करू? मला फक्त पहिला गिअर येतो!"

"गाडी बंद करा आणि बसून राहा!" तो ओरडला. समोर खुर्ची रिकामी होती, पण तो माझ्या पाटावर बसला आणि त्याने डोके हातांत धरले.

मित्रांनो, माझ्यावर हजारो वस्तू ठेवल्या गेल्या. पण वस्तू ठेवली की काटा जागेवर जाऊन थांबतो. त्या दिवशी तो थांबेना. मुलगा आवाज न करता रडत होता आणि माझा काटा थरथर कापत होता. त्याचे दुःख बाहेर कोणाला दिसत नव्हते. ते माझ्या तबकडीवर दिसत होते. मला वाटले, आता तरी देवाने तोंड द्यावे, याला चार शब्द बोलता यावेत. पण मी फक्त त्याला धरून राहिलो. लोखंडाला तेवढे येते.

पलीकडून कोरडा आवाज आला, "रुग्णाला आधीपासून काही त्रास होता का?"

मुलाने डोके वर केले.

"हो," ताई म्हणाल्या. "रक्तदाब आणि हृदय. दोन्ही आम्ही आधीच लिहून दिलंय, डॉक्टरांच्या पत्रासकट. बघून घ्या. मी फोन धरून ठेवते."

तो "हो" किती स्वच्छ होता! असा खणखणीत शब्द फक्त खरे बोलणाऱ्याच्याच तोंडून निघतो. पलीकडे बराच वेळ कागदांची सळसळ चालली. मग आवाज आला, जरा मऊ होऊन, "बरोबर आहे. दवाखान्याला हमी आत्ता पाठवतो."

ताईंनी फोन ठेवला. तिकडे काकूंना आत नेले. आम्ही तिघे वाट बघत राहिलो. मी आम्ही म्हणतो, कारण मीही त्यांतलाच होतो. ताईंनी मुलाला पाणी दिले. बाहेरच्या बाईंना जाऊन सांगितले की आजचा धडा संपला. आणि उन्हे कलताना लेकीचा फोन आला, "आई डोळे उघडून बघतेय. आधी काय म्हणाली, माहितीये? बाळाला दुपट्यात नीट गुंडाळा."

मुलगा हसला. माझा काटा हळूहळू शांत झाला आणि एका जागी थांबला. त्याचे वजन किती होते, ते मी सांगणार नाही. काही गोष्टी काट्यानेही पोटात ठेवाव्यात.

परतीचे तिकीटही ताईंनीच बदलले. नवी तारीख, कडेची जागा, चाकाची खुर्ची, आणि विमानाने जायला हरकत नाही असे तिकडच्या डॉक्टरांचे पत्र. काकू घरी आल्या. बऱ्या झाल्यावर त्या दुकानात आल्या, तेव्हा माझी अवस्था बघण्यासारखी होती. मधल्या काळात हातात धरायचा, आकडे उमटवणारा एक चिमुकला काटा ताईंना कोणीतरी भेट दिला होता. बॅगेच्या मुठीत अडकवला की झाले. मला दाराजवळ सरकवले होते आणि माझ्यावर सहलींच्या जाहिरातींचे गठ्ठे रचले होते. कधी कधी नेमाचे मापही ठेवायला जागा उरत नसे. मी तक्रार केली नाही, पण आत कुठेतरी गंजत होतो.

काकूंनी आल्या आल्या ते गठ्ठे उचलून टेबलावर आपटले.

"यावर कागद कसले ठेवता हो? माझा लेक यावर बसून रडला म्हणे. मला त्याने सांगितलं." त्यांनी पदराने माझा पाट पुसला. मग ताईंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मला त्या दिवशी हाकललंत ते बरं केलंत."

"मी कुठे हाकललं? तुम्हीच दारं आपटत गेलात."

"बरं, मी गेले. पण त्या रागात तुमच्या खिडकीचं माप मात्र डोळ्यांत बसलं होतं." आणि पिशवीतून त्यांनी नवा कोरा, निळ्या काठाचा पडदा काढला. तो अगदी माझ्या रंगाचा होता.

काकू स्टुलावर उभ्या राहून पडदा लावत होत्या, तेवढ्यात एक आजोबा आणि आजी बॅग घेऊन आले. मुलाकडे निघाले होते. ताईंनी विम्यासाठी विचारले, "काही आजार? काही गोळ्या?"

"छे! काही नाही," आजोबा छाती काढून म्हणाले. आजींनी मान डोलावली, पण खोकल्यासारखे करून दुसरीकडे बघितले.

स्टुलावरून काकूंचा आवाज आला. "लिहा हो भाऊ, लाजू नका. मी लाजले असते तर आज हा पडदा लावायला इथे नसते."

आजोबांनी वर बघितले. खाली बघितले. मग बायकोकडे न बघता पुटपुटले, "साखर आहे. बरीच वर्षं. हिला सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसली असती."

आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मग साखरेच्या डब्यामागे सापडल्या त्या गोळ्या तुमच्या होत्या? मी म्हटलं, माझ्याच असतील, विसरून दोनदा आणल्या असतील!"

दोघांनाही साखर होती आणि दोघेही एकमेकांपासून लपवत होते. एकच कपाट, दोन लपवायच्या जागा. काकू हसता हसता स्टुलावरून पडणार होत्या. ताईंनी डोळे पुसत दोघांच्याही अर्जावर खरे ते लिहिले.

मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज काढा, असे मागणे मी करणार नाही. ते ताई बघतात आणि आता काकूही बघतात. तुमच्याकडे वेगळेच मागायचे आहे. घरातले मोठे माणूस दूर निघाले की त्याची बॅग भरताना जवळ जाऊन बसा. तिकीट जाणत्या माणसाकडून समजून घेतले का, विमा काढला का, त्यात सगळे खरे लिहिले का आणि गोळ्या कुठल्या पिशवीत ठेवल्या, हे विचारा. रागावून नका विचारू. उत्तर नाही मिळाले तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा. मोठी माणसेही लपवतात, आणि बहुतेकदा ती तुमच्यावरच्या प्रेमापोटी लपवतात. तेवढ्याच प्रेमाने त्यांच्याकडून ते काढून घ्या.

आता जरा बाजूला सरका बघू. त्या दोघांची बॅग माझ्यावर यायची आहे, आणि आजी तिच्यावर बसल्याशिवाय तिची चेन काही लागत नाही.